एकाच वारुळातले डोंगळे परके कसे झाले?

रेणापूर तालुक्यातल्या एका शिवारात, माझ्या मामांच्या शेताच्या बांधावर जुन्या बाभळीच्या बुडाशी डोंगळ्यांचं मोठं वारूळ होतं. हरभरा निघाल्यावर, फेब्रुवारीअखेर पांदण रुंद करायचं काम निघालं आणि जेसीबीनं ती बाभूळ मुळासकट उपटली. मामांनी बुंधा ट्रॉलीत घालून आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्याच्या जागेवर नेला, जळणाला होईल म्हणून. मुळांना धरून आलेली माती गोठ्यापुढच्या खड्ड्यात भरावाला टाकली. त्या मातीत आणि बुंध्याच्या पोकळीत वारुळाचा वरचा भाग होता: डोंगळे, अळ्या, कोष, सगळं. खालचा भाग बांधातच राहिला. मध्ये तीन शेतं आणि एक ओढा. दोन्हीकडचे डोंगळे जगले, दोन्हीकडं नवी तोंडं पडली, रांगा लागल्या.

मे महिन्यात मामांनी बांधावरच्या कोवळ्या बाभळींच्या काट्या तोडून आखाड्याच्या कुंपणाला आणल्या. काट्यांवर बांधावरचे डोंगळे चढलेले होते. ते खाली उतरले आणि आखाड्यावरच्या डोंगळ्यांनी त्यांना धरलं. पाय ओढले, शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) तोडल्या, काहींना मारून उकिरड्याकडं नेऊन टाकलं. मामांचा फोन आला, "अगं, एकाच वारुळातले हायेत की हे. मग एकमेकाला कामून तोडायलेत?"

मी लातूर जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. 'प्रत्येक वारुळाचा वेगळा वास असतो' हे वाक्य वर्गात दरवर्षी सांगते. मामांच्या प्रश्नाला ते वाक्य पुरत नाही. वास वारुळाचा असेल, आणि हे सगळे एकाच वारुळाचे असतील, तर भांडण होण्याचं कारण नाही. उत्तर वेगळ्या ठिकाणी आहे: वारुळाचा वास जन्माबरोबर मिळून कायम राहणारी वस्तू नाही. तो रोज बनतो, रोज एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातो आणि रोज थोडा बदलतो. ही देवाणघेवाण तुटली की ओळखही सुटत जाते. मामांच्या शेतात फेब्रुवारी ते मे या काळात नेमकं हेच घडलं, असं माझं म्हणणं आहे. ते कशाच्या आधारावर, ते पुढं मांडते.

आधी खात्री: हे तेच डोंगळे आहेत का?

सगळ्यात सोपी शंका हीच की आखाड्यावर आधीपासून दुसरं वारूळ असेल आणि मातीबरोबर आलेले डोंगळे केव्हाच मेले असतील. ही शंका सोडवल्याशिवाय पुढं जाण्यात अर्थ नव्हता.

मामांच्या सांगण्यानुसार त्या खड्ड्याच्या जागी पावसाळाभर पाणी साचायचं, तिथं वारूळ नव्हतं. पण माझ्याकडं याहून भक्कम आधार होता. पाडव्याला मी गावी गेले होते तेव्हा कुतूहल म्हणून दोन्हीकडचे डोंगळे धरून एका परातीत सोडले होते. त्यांनी शृंगिकांनी एकमेकांना चाचपलं, थोडा वेळ घुटमळले आणि पांगले. काहींनी तोंडाला तोंड लावून घासही दिला. परक्या वारुळातला डोंगळा असा घास देत नाही. म्हणजे पाडव्याला आखाड्यावरचे डोंगळे बांधावरच्यांचे आप्त होते, आणि मे महिन्यात राहिले नव्हते. बदल या दोन भेटींच्या मधल्या काळातला आहे.

हा डोंगळा म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. आपल्याकडं घराघरात, झाडाझाडावर दिसणारा मोठा काळा मुंगळा. एकाच वारुळात लहान, मध्यम आणि मोठ्या डोक्याचे असे वेगवेगळ्या आकाराचे कामकरी असतात आणि बाहेर फिरताना दिसणारे हे सगळे कामकरी माद्या असतात. म्हणजे परातीत एकमेकींना भिडल्या त्या एकाच घरात वाढलेल्या बहिणी होत्या. या मुंगीला नांगी नसते. ती जबड्यानं चावते आणि पोटाचं टोक पुढं वळवून फॉर्मिक ॲसिड फवारते. पोट पुढं वळलं की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

मे महिन्यातली परात

पुन्हा तीच स्टीलची परात घेतली. कडेला आतून टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून लावली आणि वाळू दिली. अशा कडेवर डोंगळ्यांचे पाय टिकत नाहीत, ते वर चढू शकत नाहीत. दोन्हीकडच्या डोंगळ्यांच्या पाठीवर रंगाचा बारीक ठिपका दिला, एकीकडं पांढरा आणि दुसरीकडं पिवळा. दोन्हींना द्यायचं कारण असं की रंगालाही वास असतो. एकाच बाजूला दिला असता तर भांडण रंगामुळं झालं की वारुळामुळं, हे कळलं नसतं. प्रत्येक जोडीनंतर परात साबणानं धुऊन, पुसून उन्हात ठेवली, कारण डोंगळे ज्या जागेवर फिरतात तिथंही वास सोडतात.

जोड्या तीन प्रकारच्या लावल्या. बांधावरचे दोघे. बांधावरचा आणि आखाड्यावरचा. आणि बांधावरचा आणि विहिरीजवळच्या लिंबाखालच्या, मुळातच वेगळ्या वारुळातला.

पहिल्या प्रकारात काही घडलं नाही. तिसऱ्या प्रकारात एका स्पर्शात निकाल लागायचा: शृंगिका टेकली की जबडे उघडे, झडप, आणि पोट पुढं. आपल्याला उपयोगाचा होता तो मधला प्रकार. बांधावरचा आणि आखाड्यावरचा समोरासमोर आले की चाचपणी लांबायची. शृंगिका डोक्यावरून, छातीवरून, पोटावरून पुन्हा पुन्हा फिरायच्या. मग एखादा मागं सरायचा, पुन्हा यायचा. काही जोड्यांत जबडे उघडायचे आणि मिटायचे. काहींत पाय धरून ओढाताण व्हायची. काहींत काहीच व्हायचं नाही. लिंबाखालच्या डोंगळ्यांशी जसं सरळ युद्ध होत होतं तसं इथं दर वेळी होत नव्हतं.

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा पुरावा मला हाच वाटतो. ओळख असणं किंवा नसणं असा दोन टोकांचा निकाल असता तर मधली ही घुटमळ दिसली नसती. ओळख पुसट होत चाललेली होती. आखाड्यावर मात्र मारामारी जोरात झाली, कारण तिथं काट्यांवरून उतरलेले मोजके डोंगळे दुसऱ्यांच्या दारात, त्यांच्या संख्येसमोर सापडले. स्वतःच्या वारुळाजवळ मुंगी जास्त आक्रमक असते. परातीत दोघंही परक्या जागेत होते.

वास असतो कुठं?

मुंगीच्या अंगावर मेणासारखा अगदी पातळ थर असतो. त्यात मुख्यतः हायड्रोकार्बन असतात: कार्बन आणि हायड्रोजन यांच्या लांब साखळ्या, बहुतेक मुंग्यांत साधारण २० ते ४० कार्बनच्या. काही साखळ्या सरळ, काहींना बाजूला मेथिल गटाची फांदी, काहींत दुहेरी बंध. या थराचं मूळ काम वासाचं नाही. ते पाणी राखण्याचं आहे. एवढ्याशा शरीरातलं पाणी आमच्याकडच्या बेचाळीस अंशांच्या उन्हात उडून जायला वेळ लागत नाही, आणि हा थर ते अडवतो. जवळपास सगळ्याच कीटकांकडं तो असतो. मुंग्यांनी, गांधीलमाश्यांनी, मधमाश्यांनी आणि वाळवीनं त्याच थराचा ओळखीसाठी वापर केला.

एका जातीच्या सगळ्या वारुळांत हायड्रोकार्बनची यादी साधारण एकच असते. बदलतं ते प्रमाण. आमच्याकडं येसर घरोघरी होतो, धने-मिरच्या-डाळी त्याच, पण डबा उघडला की हा आजीच्या घरचा की मावशीच्या, हे सांगता येतं, तसंच इथं. प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, एका जातीच्या दोन वारुळांचे आलेख शेजारी ठेवले तर शिखरं त्याच जागी दिसतात, उंची मात्र वेगळी.

हे पदार्थ त्वचेखालच्या इनोसाइट नावाच्या पेशींत तयार होतात. लायपोफोरिन हे प्रथिन ते रक्तद्रवातून वाहून नेतं. काही थेट अंगावरच्या थरात जातात. काही डोक्यातल्या एका ग्रंथीत जमा होतात, आणि मामांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या ग्रंथीत आहे. घशामागं असलेली ही हाताच्या बोटांसारख्या नळ्यांची ग्रंथी फक्त मुंग्यांसारख्या मोजक्या कीटकांत आढळते. मुंगी स्वतःचं अंग चाटते, तेव्हा अंगावरचे हायड्रोकार्बन या ग्रंथीत जातात. दुसऱ्या मुंगीचं अंग चाटते, तेव्हा तिचेही जातात. तोंडातून तोंडात घास देते, तेव्हा ग्रंथीतला ऐवज घासाबरोबर पुढं जातो. आणि पुन्हा अंग चाटताना तो मिश्र ऐवज स्वतःच्या अंगावर पसरतो. १९९४ साली व्हिक्टोरिया सोरोकर, अब्राहम हेफेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅटाग्लिफिस नायजर या वाळवंटी मुंगीत या ग्रंथीचं हे काम दाखवून दिलं. किरणोत्सारी खूण लावलेले हायड्रोकार्बन एका मुंगीकडून दुसरीकडं कसे पोचतात, हे त्यांनी मोजलं.

त्याच्या आधी, १९७९ मध्ये रॉस क्रोझियर आणि मायकेल डिक्स यांनी दोन शक्यता मांडल्या होत्या. एक, प्रत्येक मुंगी स्वतःचा वास स्वतःपुरता ठेवते, तो इतरांशी मिसळत नाही. दुसरी, सगळ्यांचे वास मिसळून वारुळाचा एक सामायिक वास बनतो आणि प्रत्येकीच्या अंगावर तोच असतो. बऱ्याच मुंग्यांत दुसऱ्या शक्यतेच्या बाजूनं पुरावा मिळाला. प्रत्येक मुंगी आपल्या परीनं थोडं घालते, आणि सगळ्या मिळून झालेलं मिश्रण अंगावर वागवते.

म्हणून घास देणं हे नुसतं पोट भरणं नाही. २०१६ मध्ये कॅम्पोनोटस फ्लोरिडानस या डोंगळ्याच्याच कुळातल्या मुंगीत तोंडातून दिल्या जाणाऱ्या द्रवाची तपासणी झाली. त्यात अन्नाबरोबर प्रथिनं, वाढीवर परिणाम करणारं ज्युव्हेनाइल हार्मोन, सूक्ष्म आरएनए आणि हायड्रोकार्बनही सापडले. एका घोटात एवढं सगळं पुढं जातं.

आता ट्रॉलीकडं परत या. ट्रॉली बांधावरून निघाली त्या क्षणी हे मिश्रण दोन भांड्यांत वाटलं गेलं. त्या दिवशी दोन्ही भांड्यांत एकच वास होता. पण भांडी ढवळली जात राहिली, वेगवेगळी.

वास कुठल्या बाजूला सरकला?

बांधावरचे डोंगळे मुख्यतः बाभळींवर जगत होते. कोवळ्या फांद्यांवर पाठीवर शिंगासारखा उंचवटा असलेले छोटे रसशोषक किडे असतात. डोंगळे त्यांना शृंगिकांनी थोपटतात आणि त्यांनी सोडलेला गोड चिकट थेंब पितात. आखाड्यावर अन्न वेगळं: सरकी पेंडीचा चुरा, गुळाच्या पाण्याचे डाग, गोचीड, माश्या, कडब्याच्या गंजीतले रातकिडे आणि मुबलक झुरळं.

झुरळांचं महत्त्व मला विशेष वाटतं, त्याला कारण आहे. २००० साली डांगशेंग लियांग आणि ज्युल्स सिल्व्हरमन यांनी अर्जेंटिनी मुंग्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. या मुंग्यांना तपकिरी पट्ट्याची झुरळं खायला दिली, तेव्हा झुरळांच्या अंगावरचे हायड्रोकार्बन मुंग्यांच्या अंगावर उतरले. मग त्याच वारुळातल्या, दुसरं अन्न खाल्लेल्या मुंग्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. कालपर्यंत एका घरात राहिलेल्यांवर. नुसतं ताट वेगळं झाल्यानं मुंगी परकी होऊ शकते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा मला माहीत नाही.

अन्नाशिवाय ऊनही आहे. बांधावर काळ्या मातीला भेगा पडलेल्या, सावली नाही. आखाड्यावर पत्र्याची सावली आणि गोठ्याचा ओलावा. अमेरिकेतल्या, बिया गोळा करणाऱ्या वाळवंटी मुंग्यांवर डायन वॅग्नर, डेबोरा गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की उन्हात, कोरड्या हवेत वावरणाऱ्या मुंग्यांच्या अंगावर सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनचं प्रमाण वाढतं. पाणी राखायला त्या साखळ्या जास्त उपयोगी. म्हणजे ज्या थरावर ओळख लिहिलेली आहे तोच थर उन्हाप्रमाणं बदलतो.

आणि तिसरी गोष्ट, काळ. अन्न आणि हवा सारखी ठेवली तरी देवाणघेवाण थांबली की वास सरकतो. डोंगळ्याच्याच प्रजातीतल्या कॅम्पोनोटस फेल्लाहवर राफाएल बुले, अब्राहम हेफेट्झ, व्हिक्टोरिया सोरोकर आणि अलँ लनोआर यांनी २००० साली हे काम केलं. कामकरी मुंगीला एकटं ठेवलं आणि काही दिवसांत परत आणलं तर घरातल्या मुंग्या तिला भरपूर घास देतात, जणू राहिलेली देवाणघेवाण भरून काढतात. २० दिवस एकटी ठेवली तर समोरासमोरच्या जोडीत तिच्यावर हल्ला होतो, पण पूर्ण गटात सोडली तर घासांची देवाणघेवाण होऊन ती शेवटी सामावली जाते. ४० दिवसांनंतर मात्र विरोध कडक होतो. त्या मुंग्या एकेकट्या होत्या. मामांकडं दोन मोठे गट होते, आणि गटात आतल्या आत देवाणघेवाण चालूच राहते, त्यामुळं पूर्ण गटाचा वास सरकायला वेळ लागतो. पाडव्याला शांतता आणि मे महिन्यात घुटमळ, हा वेग त्यामुळं मला पटतो.

एक जुना पुरावा याच्या विरुद्ध वाटू शकतो, आणि तो बाजूला टाकण्यासारखा नाही. इंग्लंडमधल्या जॉन लबक यांनी एकोणिसाव्या शतकात घरात काचेच्या वारुळांत मुंग्या पाळल्या होत्या. एका वारुळाचे दोन भाग करून वर्षाहून जास्त काळ वेगळे ठेवल्यावरही त्यांच्या मुंग्यांनी एकमेकींना स्वीकारलं. पण त्यांचे दोन्ही भाग एकाच घरात, एकाच माणसाच्या देखरेखीखाली होते. शिवाय जाती वेगळ्या, आणि सगळ्या जातींत वास सारख्या वेगानं सरकत नाही. लबक यांचाच दुसरा प्रयोग सांगण्यासारखा आहे. त्यांनी मुंग्यांना दारूनं बेशुद्ध करून वारुळाजवळ ठेवलं. मुंग्यांना काही खाणाखुणा करता येत नव्हत्या, तरी घरच्यांनी आपल्या होत्या त्यांना बहुतांशी उचलून आत नेलं आणि परक्यांना पाण्यात टाकलं. ओळख वागणुकीत नसून अंगावर असते, हे त्यातून दिसलं.

नाक कुठं?

अंगावरचा वास वाचण्याचं काम शृंगिकांचं. स्विस शास्त्रज्ञ ऑग्युस्त फोरेल यांनी एकोणिसाव्या शतकातच पाहिलं होतं की शृंगिका काढल्या तर वेगवेगळ्या जातींच्या मुंग्याही भांडत नाहीत. २०१७ मध्ये दोन गटांनी जनुकसंपादनानं मुंग्यांची वास घेण्याची यंत्रणाच बंद केली. त्यातली एक मुंगी भारतात आढळणारी, उडी मारणारी हार्पेग्नाथॉस सॅल्टेटर. त्या मुंग्या वारुळाशी धरून राहत नाहीत, भटकतात.

२००५ मध्ये मामिको ओझाकी आणि सहकाऱ्यांना कॅम्पोनोटस जपोनिकसच्या शृंगिकेवर एक संवेदी केस सापडला. परक्या वारुळाच्या हायड्रोकार्बनला तो प्रतिसाद द्यायचा, आपल्या वारुळाच्या नाही. आपल्या वासाची मुंगीला सवय होते, तो जणू दिसेनासा होतो, आणि वेगळं असेल तेवढंच टोचतं. २००९ मध्ये फर्नांडो गुएर्रिएरी आणि सहकाऱ्यांनी याला जोड दिली: मुंगीच्या अंगावर नेहमी नसलेला पदार्थ जास्तीचा लावला तर हल्ला होतो, पण नेहमीचा एखादा पदार्थ कमी असला तर होत नाही. मुंगी मुख्यतः परकं ओळखते. मेंदूही यात असतो, नाक एकटं निर्णय घेत नाही, आणि या दोघांतला वाटा किती यावर अजून काम चालू आहे.

ही गोष्ट मामांना समजावणं सोपं गेलं. दोन्हीकडचे डोंगळे आपापल्या सरकत्या वासाला रोज सरावत गेले. बांधाच्या वासाला बांधावरचे, आखाड्याच्या वासाला आखाड्यावरचे. स्वतः बदलतोय हे कोणालाच जाणवलं नसणार, कारण शेजारचाही तसाच बदलत होता. मामा ऐकून म्हणाले, "म्हंजी चूक कुणाचीच न्हाई." मला हे वाक्य शास्त्राच्या दृष्टीनंही बरोबर वाटतं.

कॉलेजमधला प्रयोग

भांडण वासामुळंच होतंय की हालचालीमुळं, हे पाहायला मेलेले डोंगळे घेतले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पेट्रोलियम ईथर असतं. त्यात मेलेला डोंगळा ठेवला की अंगावरचा थर उतरतो. धुतलेले डोंगळे वाळवून बांधावरच्या जिवंत डोंगळ्यांसमोर ठेवले, तर ते जवळ येऊन चाचपायचे आणि निघून जायचे. त्याच धुतलेल्या डोंगळ्यांवर लिंबाखालच्यांचा अर्क लावून, ईथर पूर्ण उडाल्यावर ठेवले, तर जबडे उघडायचे, चावे बसायचे. आखाड्यावरच्यांचा अर्क लावला तर पुन्हा तीच घुटमळ. धुतलेल्या शरीरावर नुसतं ईथर लावून वाळवलेलेही ठेवले, म्हणजे ईथरच्या वासाचा प्रश्न उरला नाही. शरीर तेच, मेलेलं, हलत नसलेलं. बदलला तो फक्त थर.

मुलामुलींना सर्वांत जास्त आवडला तो कोषांचा भाग. आखाड्याच्या वारुळातले काही कोष बांधाच्या वारुळाच्या तोंडाशी ठेवले. बांधावरच्या डोंगळ्यांनी ते उचलून आत नेले. कोषातून नुकत्याच बाहेर आलेल्या, अजून फिकट रंगाच्या आखाड्याकडच्या डोंगळ्यांना बांधावरच्यांबरोबर परातीत सोडलं, तेव्हा एकही जबडा उघडला नाही. उलट त्यांना चाटून साफ केलं. त्याच वारुळातल्या प्रौढ डोंगळ्यांशी मात्र ओढाताण होत होती.

याचं कारण असं की नुकत्याच जन्मलेल्या मुंगीच्या अंगावर हायड्रोकार्बन फार थोडे असतात. तिच्यावर वाचण्यासारखं काही लिहिलेलंच नसतं. पहिल्या काही दिवसांत ती ज्या घरात असेल तिथल्यांच्या चाटण्यातून आणि घासांतून तिथला वास अंगावर घेते, आणि तोच आपला म्हणून शिकते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांच्या गटानं रोपॅलिडिया मार्जिनाटा या आपल्याकडच्या गांधीलमाशीवर १९८८ मध्ये दाखवलेली गोष्ट याच्याशी जुळते: घरचे आणि परके ओळखायला लागणारी खूण आणि तिची जाण, दोन्ही गोष्टी जन्मानंतर पोळ्याच्या आणि घरच्यांच्या सहवासातून मिळतात. रक्ताचं नातं एकच असलं तरी सहवास नसेल तर ही खूण मिळत नाही.

राणीचा प्रश्न

या प्रकरणात राणीचा भाग सुटा काढता येत नाही, म्हणून तो लिहून ठेवते. कॅम्पोनोटसच्या काही जातींवर नॉर्मन कार्लिन आणि बर्ट होल्डोब्लर यांनी १९८३ मध्ये दाखवलं की वारुळाच्या खुणेत राणीचा मोठा वाटा असू शकतो, निदान लहान वारुळांत. मामांकडं राणी बांधाच्या खोल भागात राहिली असावी. आखाड्यावर जूनपासून नवे फिकट कामकरी दिसणं थांबलं आणि पहिल्या पावसानंतर तिथून पंखवाले नरच बाहेर पडले. राणी नसलेल्या वारुळात कामकऱ्यांनी घातलेल्या, फलन न झालेल्या अंड्यांतून नरच जन्मतात, हे मुंग्यांचं ठरलेलं गणित आहे. तेव्हा आखाड्यावरचा वास सरकण्यात राणीची अनुपस्थितीही होती असं मी धरते, अन्न आणि ऊन यांच्या जोडीला. आखाड्यावरची वर्दळ सोयाबीन निघेपर्यंत कमी होत गेली.

मामांनी विचारलं होतं की दोघांना पुन्हा एक करता येईल का. प्रौढांना आता नाही. ट्रॉली रिकामी झाल्यावर पहिल्या आठवड्यात माती परत बांधावर नेऊन टाकली असती तर घास देऊन-घेऊन ते पुन्हा मिसळले असते, असं बुले यांच्या गटाच्या कामावरून म्हणता येतं. मे महिन्यात उरलेला मार्ग फक्त कोषांचा होता. उरलेले कोष मामांनी स्वतः तव्यावरच्या उलथन्यानं उचलून बांधावर नेले.

करून पाहायचं असेल तर

आपल्या भागात हा प्रयोग शाळा-कॉलेजात सहज होण्यासारखा आहे. डोंगळे मोठे आहेत, डोळ्यांनी वागणूक दिसते, आणि दोन वारुळं एकमेकांपासून शंभर पावलांवर मिळतात. सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी करावा. दुपारच्या तापलेल्या परातीत डोंगळे वासामुळं नाही, चटक्यानं सैरावैरा होतात. धरताना चिमटा वापरू नये, दबलेला डोंगळा फॉर्मिक ॲसिड सोडतो आणि मग परातीतले सगळेच बिथरतात. वाळलेली काडी पुढं करावी, तो आपण होऊन चढतो. जोडी कुठल्या बाजूंची आहे हे निरीक्षण लिहिणाऱ्याला आधी सांगू नये, नाहीतर नुसत्या चाचपणीतही त्याला भांडण दिसतं. पेट्रोलियम ईथर फक्त प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या हातानं आणि बर्नर बंद ठेवून वापरावं.

डोंगळे परत सोडताना ज्या वारुळातले त्याच वारुळाशी सोडावेत, आणि लगेच सोडू नयेत. झटापटीत त्यांच्या अंगाला दुसऱ्यांचा वास लागलेला असतो. आधी त्यांच्याच वारुळातले थोडे डोंगळे आणि गुळाच्या पाण्याचा एक थेंब एका डबीत घालून त्यांच्यासोबत काही तास ठेवावं. तोंडाला तोंड लावून घास देणं आणि अंग चाटणं सुरू झालेलं दिसलं की डबी वारुळाच्या तोंडाशी उघडावी.